ताईची कवळी

६ फेब्रुवारी, गुरुवार

प्लास्टर पुरवणाऱ्या कंपनीने दरवर्षीप्रमाणे डायरी पाठवली. एरवी मी तिच्या पानांवर दातांच्या रंगांचे नंबर लिहिते आणि फाडून साच्यांना डकवते. या वर्षी म्हटलं, पानं फाडायची नाहीत, त्यांवर आपलं काहीतरी लिहायचं. चौपन्नाव्या वर्षी सुचलं, चला, सुचलं तर खरं.

सुरुवात करायला कारणही आहे. ताईची कवळी आज झाली. वरची-खालची, पूर्ण. तीस वर्षं मी लोकांना दात करून देतेय. डॉक्टर माप घेऊन पाठवतात, आम्ही साचा ओततो, मेणात दात लावतो, मेण काढून त्या जागी पावडर-लिक्विडचा गोळा दाबतो आणि गरम पाण्यात शिजवतो. माणूस कधी दिसतच नाही, दिसतं फक्त त्याचं तोंड, तेही प्लास्टरचं. पण या वेळी साचा सख्ख्या बहिणीचा होता. पुढच्या दोन दातांत तिला पूर्वी बारीकशी फट होती. ती मी मुद्दाम ठेवली.

सोमवारपासून तिचं रेकॉर्डिंग सुरू होतंय. शाळेतून निवृत्त झाल्यापासून ताई दृष्टिहीनांच्या वाचनालयासाठी पुस्तकं वाचते. तिचा आवाज ऐकून कुणी म्हणणार नाही की बाई अडुसष्ट वर्षांच्या आहेत. उरलेले दात काढल्यावर मात्र ‘स’ म्हटला की शिट्टी वाजायची आणि ती बोलायचीच बंद झाली होती. म्हणून घाई. एरवी साचा बंद केलेला डबा सकाळी गरम पाण्यात टाकला की संध्याकाळी निघतो. आज सव्वा तासात काढला.

मामांनी नाक वर केलं. मामा म्हणजे आमच्या लॅबचे प्लास्टरवाले, माझ्या आधीपासून इथे आहेत. म्हणाले, “बाई, अजून वास येतोय. कच्ची राहिली.”

“मामा, तुम्हाला आंब्यालासुद्धा प्लास्टरचा वास येतो.”

“मी सांगायचं काम केलं,” असं म्हणून ते चाळणी झाडायला गेले.

घासून, चकाकी आणून ठेवलीय. आरशासारखी दिसते. माझी बोटं पुन्हा फाटलीत, अंगठा आणि शेजारची दोन. थंडी.

७ फेब्रुवारी

बसली! वरची तर अशी चिकटली की ताईला काढता येईना. आरशासमोर उभी राहून तिने सगळे ‘स’ म्हणून पाहिले. “सहासष्ट ससे सरसावले.” शिट्टी नाही. मग वळून माझे गाल दोन्ही हातांनी धरले आणि म्हणाली, “ठमे, तू मला परत बोलती केलीस.”

मला ठमी म्हणणारं आता तिच्याशिवाय कोण उरलंय.

१६ फेब्रुवारी

ताई म्हणते, टाळूला चुरचुरतं. मी सांगितलं, नवा बूटसुद्धा चावतो. पंधरा दिवस कळ काढ, काढून ठेवू नकोस, नाहीतर सवय होणार नाही.

३ मार्च

दातांच्या डॉक्टरांकडे नेलं. वरची कवळी काढल्यावर टाळू लालभडक, आणि लाली अगदी कवळीच्या आकाराची. जणू कुणी कवळी ठेवून भोवती रेघ मारलीय. डॉक्टर म्हणाले बुरशी आहे, या वयात होते, स्वच्छता ठेवा. थेंब दिले. बाहेर आल्यावर मी ताईला जरा टोचूनच बोलले की रोज ब्रशने घासायची म्हणून सांगितलं होतं ना. ती म्हणाली, “घासते गं.” एवढंच. साऱ्या शाळेला शिस्त लावणारी बाई माझ्यासमोर मुलीसारखी मान खाली घालून उभी होती. नंतर वाईट वाटलं.

२० मार्च

थेंब संपले, लाली तशीच. आता गालांच्या आतही पांढऱ्या बारीक रेघा दिसतात, कोळ्याच्या जाळ्यासारख्या. तिखट सोडाच, कोमट चहाही झोंबतो. दूध-पाव आणि केळी यांवर आहे.

रेकॉर्डिंगवाल्या गृहस्थांचा लॅबमध्ये फोन आला. फार सभ्य माणूस, शब्द शोधत बोलत होता. “बाई दर चार ओळींनी थांबून पाणी पितात. काही त्रास आहे का? मी विचारलं तर म्हणाल्या, पुस्तकच कोरडं आहे.”

मी संध्याकाळी ताईला विचारलं. ती हसली. “होतंच ते कोरडं. मृदाशास्त्र आहे.”

९ एप्रिल, बुधवार

आज न सांगता ताईकडे गेले. दोन गल्ल्या तर आहेत. दार उघडलं तेव्हा तिचे ओठ आत गेलेले. मला पाहिल्याबरोबर तोंडावर पदर घेऊन आत पळाली आणि दात घालून बाहेर आली. स्वयंपाकघरात पेल्यात पाणी होतं आणि पाणी अजून हलत होतं.

“म्हणजे मी येणार असले की घालतेस?”

“आणि रेकॉर्डिंगला.”

“मग सांगितलं का नाहीस?”

“तू एवढी जीव लावून केलीस. ती फट ठेवलीस. तुला काय सांगू, की तोंडात निखारा ठेवल्यासारखं होतं म्हणून?”

मी रागावले. कशावर ते मलाच कळलं नाही. तीस वर्षांत माझी कवळी परत आलेली नाही, असं काहीतरी बोलले. मग खिडकीशी बसवून तिचं तोंड नीट पाहिलं. सगळीकडे लाल, सोलवटलेलं, हात लावला की ती डोळे मिटायची. फक्त टाळूवर डावीकडे मागे, डाळीएवढा एक खरखरीत डाग होता, मखमल उलटी फिरवल्यासारखा. तिथे बोट दाबलं तर म्हणाली, “तिथे काही नाही होत.” चला, तेवढी जागा तरी शाबूत आहे.

२२ एप्रिल

माझ्याच बोटांनी आज रडवलं. दात लावताना अंगठ्याच्या भेगेतून रक्त आलं ते थेट मेणावर. मामा म्हणाले, “थंडी संपून दोन महिने झाले, बाई.” म्हणून त्वचेच्या डॉक्टरबाईंकडे गेले. सोबत म्हणून ताई.

डॉक्टरबाई तरुण आहेत, बोलतात कमी, बघतात फार. माझे हात पाहून पहिला प्रश्न, “काम काय करता?” सांगितलं. पावडर-लिक्विडचा गोळा कशाने मळता? हातांनी. हातमोजे? त्यांनी कळत नाही बोटांना. मग त्यांचं लक्ष ताईकडे गेलं. तिने ओठ मिटून धरले होते. “तुमचे दात यांनीच केलेत?” ताईने मान हलवली. “जरा आ करता?”

पाच मिनिटं दिवा धरून पाहत होत्या. मग दोघींच्या पाठीवर पट्ट्या चिकटवल्या. पट्टीवर बारीक टिकल्या, प्रत्येकीत एकेक पदार्थ. दोन दिवस आंघोळ नाही, पाठ घासायची नाही. जाताना म्हणाल्या, “तोंडाच्या आतलं अस्तर म्हणजेही एक कातडीच. तिलाही अ‍ॅलर्जी होते, फक्त ती झाकलेली असते म्हणून कुणाला दिसत नाही.”

घरी येताना ताई म्हणाली, “तू लहान असताना एकाच वेळी गोवर आला होता आपल्याला, आठवतं? तेव्हाही तूच आणला होतास.”

२६ एप्रिल, शनिवार

दोघींच्या पाठीवर एकाच टिकलीखाली लाल, फुगलेला चट्टा. माझा मोठा, तिचा त्याहून मोठा. लिक्विड. ज्याच्या वासात मी तीस वर्षं काढली ते लिक्विड.

डॉक्टरबाईंनी समजावलं. कवळी पूर्ण शिजली की ते बहुतेक संपतं, कच्ची राहिली तर आत उरतं आणि हळूहळू तोंडात उतरत राहतं. ताईच्या आधीच्या चार दातांच्या लहान कवळीने बहुधा अंग चिडून बसलं होतं, या मोठीमुळे भडका उडाला. त्यांनी विचारलं, “ही नेहमीसारखीच शिजवली होती ना?”

मी “हो” म्हटलं.

ताई शेजारी बसली होती. तिला यातलं काय कळतं? मी इथे लिहिते. सव्वा तास. डायरीशी खोटं बोलून काय मिळणार.

डॉक्टरबाईंनी दोन गोष्टी सांगितल्या. कवळी आजपासून बंद. आणि, “तीन आठवड्यांत तोंड बरं व्हायला हवं. जे जाईल ते अ‍ॅलर्जीचं. जे जाणार नाही ते मला आणून दाखवा. विसरू नका.”

१८ मे, रविवार

ताईचं तोंड फुलासारखं झालंय! गाल गुलाबी, जाळी नाहीशी, टाळू स्वच्छ. काल तिने आमटी ओरपली आणि डोळ्यांत पाणी आलं, तिखटाने नव्हे. मी दाराशी उभी राहून पाहत होते. तीन महिन्यांत पहिल्यांदा मला नीट श्वास घेता आला.

तो डावा डाग आहे अजून. पण एवढं सगळं गेलं तर तोही जाईल. शेवटचा पाहुणा उशिरा उठतो.

मीही हातमोजे घालायला लागलेय. बोटं आंधळी झाल्यासारखी वाटतात.

१२ जून

नवी कवळी आली. ही मी केलेली नाही. लवचिक प्लास्टिकची, लिक्विड न लागणारी. दुसऱ्या लॅबमध्ये यंत्र आहे, त्यांनी आमच्या मेमधल्या साच्यावर केली. दात मी निवडले, फट मी सांगितली. ताई परत रेकॉर्डिंगला जाते. मृदाशास्त्र संपून आता समुद्रप्रवासाचं पुस्तक आहे, खुशीत आहे.

भाचीचा फोन. ताईची मुलगी, दूर असते, दर रविवारी फोन, पण हा गुरुवारी आला. “मावशी, त्या डॉक्टरांनी परत दाखवायला सांगितलं होतं ना?”

“अगं, बरी झालीय तुझी आई. बरं झाल्याचं काय दाखवायचं? त्या बाईंकडे दारापर्यंत रांग असते.”

“पण डाग आहे म्हणाली आई.”

“दुखत नाही तो.”

शेवटी ती म्हणाली, “बघ बाई, तू जवळ आहेस.”

२ जुलै

नवी कवळी डावीकडे टेकत नाही. तीन आठवडे जेमतेम झाले असतील-नसतील. आतून थोडी घासून दिली. हे प्लास्टिक चिवट, दोरे निघतात. बसली.

तो डाग मटाराएवढा वाटला. कवळी घासत असेल म्हणून चिडला असणार.

१६ जुलै

पुन्हा घासली. त्याच जागी.

ताईचं डावं नाक चोंदलेलं असतं. रुमालावर कधीकधी लालसर ठिपका. मी म्हटलं, अ‍ॅलर्जीच, आता धुळीची. आपल्या दोघींचं रक्तच तसं. अ‍ॅलर्जीची गोळी आणून दिली. झोप छान लागते म्हणते. डाव्या गालाला मुंग्या येतात, पण त्या उशीमुळे असतील.

“ठमे,” ती म्हणाली, “कवळी किती वेळा घासणार? एक दिवस आरपार भोक पडायचं.”

आम्ही दोघी हसलो.

१९ जुलै, शनिवार

आज मामांशी भांडले.

कवळी घासायची तर नेमकी कुठे ते कळावं म्हणून काल ताईच्या तोंडाचं नवीन माप घेतलं होतं. मामांनी साचा ओतला. दुपारी मी टेबलाशी आले तर त्यांनी ताईचे तीन साचे ओळीने मांडून ठेवले होते. फेब्रुवारीचा, मेमधला आणि कालचा. आम्ही साचे वर्षभर टाकत नाही. हातात जाडी मोजायचा कॅलिपर. नेहमीचं “बाई, वास येतोय” वगैरे काही नाही. माझ्याकडे न बघता म्हणाले, “इथे धरा.”

मी म्हटलं, “काय आहे?”

“डावी बाजू. पहिल्यात सपाट. दुसऱ्यात दीड मिलिमीटर वर. यात सहा.” त्यांनी कॅलिपर खाली ठेवला. “सूज असती तर मऊ असती, माप घेताना दबली असती. हे दबलेलं नाही. हाडातून आलंय.”

“मामा, तुम्ही प्लास्टरवाले आहात. डॉक्टर कधीपासून झालात?”

“मी कुठे काय म्हणतोय. साचा म्हणतोय.”

मी काय काय बोलले ते लिहिणार नाही. त्यांनी ऐकून घेतलं, हात पुसले, टोपी घातली आणि दाराशी जाऊन म्हणाले, “माझ्या बायकोच्या जिभेवर होतं. तेही दुखत नव्हतं.”

तीस वर्षं बरोबर काम करतोय आम्ही. त्यांची बायको गेली हे माहीत होतं. कशाने गेली हे मी कधी विचारलंच नव्हतं.

संध्याकाळपर्यंत मी ते साचे उलटेसुलटे करून पाहिले. तीन वेळा मोजलं. सहा.

२१ जुलै

त्वचेच्या डॉक्टरबाईंनी दिवा धरला आणि या वेळी पाच मिनिटं लागली नाहीत. पाच सेकंदांत दिवा खाली. “मी तीन आठवडे म्हणाले होते,” एवढंच बोलल्या. आवाज चढवला असता तर बरं झालं असतं. तिथल्या तिथे फोन करून मोठ्या दवाखान्यात तपासणीसाठी तुकडा काढण्याची वेळ घेतली.

मी विचारलं, “अ‍ॅलर्जीनेच झालं का हे?” मनात सव्वा तास घणासारखा वाजत होता.

“ते कुणी सांगू शकणार नाही. बहुतेक नाही. हे त्याच्या आधीपासून वाढत असेल. पण सगळं तोंड पेटलेलं असताना हा एक कोपरा कुणाच्या नजरेत आला नाही. अ‍ॅलर्जीने तो झाकला.” मग चिठ्ठी लिहायला घेत, “आणि ती बरी झाल्याच्या आनंदाने परत झाकला.”

ताई ऐकत होती. बाहेर आल्यावर म्हणाली, “बाई स्वच्छ बोलतात. उच्चारही चांगले आहेत.”

३१ जुलै

कर्करोग. टाळूचा, डाव्या बाजूचा, वरच्या हाडात शिरलेला.

शब्द लिहून पाहिला. अक्षर नीट आलंय.

भाची निघालीय.

९ ऑगस्ट, शनिवार

सर्जन उंच, घाईचे, पण खुर्ची ओढून समोर बसले. टाळूचा डावा भाग आणि वरचा जबडा काढावा लागेल. तिथे नाकापर्यंत भोक राहील. ते झाकलं नाही तर घोट नाकातून येईल, आणि शब्द… शब्द कुणाला कळणार नाही. म्हणून ऑपरेशनच्या आधीच भोक झाकणारी पट्टी तयार लागते, टेबलावरच टाळूला स्क्रूने बसवायला. कोण करतं तुमच्याकडे असं काम, असं त्यांनी आमच्याबरोबर आलेल्या दातांच्या डॉक्टरांना विचारलं तर डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं.

“तुम्ही बहीण ना?” सर्जन म्हणाले. “दुसरं कुणी असेल तर—”

“नाही,” मी म्हटलं. “लिक्विडशिवाय करायची आहे. पारदर्शक शीट गरम करून साच्यावर ओढायची. ते यंत्र माझ्याकडे आहे.”

त्यांनी ताईच्या टाळूचा साचा हातात घेतला आणि निळ्या पेन्सिलीने त्यावर रेघ मारली. पुढच्या दातांच्या मधून सरळ मागे. “इथपर्यंत कापणार.” मग पेन्सिल उचलली, थोडा विचार केला आणि उजवीकडे, बोटभर अंतरावर, तुटक तुटक दुसरी रेघ काढली. “आत गेल्यावर कळेल. दोन पट्ट्या करा. एक या रेघेची, एक त्या.”

दुपारी टेबलाशी बसले. साच्यावर जे कापलं जाणार ते आधी आपणच खरवडून काढायचं असतं, म्हणजे ती जागा कशी दिसेल त्याप्रमाणे पट्टी बसते. माझ्या हातात सुरी होती. मामांनी दुसरा साचा ओतून शेजारी ठेवला आणि निघून न जाता तिथेच स्टुलावर बसून राहिले.

प्लास्टर सुटं होऊन पांढरं पडत होतं. तीस वर्षं मी प्लास्टर कापतेय. कधी त्याचा आवाज ऐकू आला नव्हता.

ताई कधी आली कळलं नाही. दाराशी भाची होती, तिच्या पुढे ताई. तिने माझ्या हातातून साचा घेतला. जिथे तिचा डावा जबडा होता तिथे आता गुळगुळीत उतार होता. तिने त्यावरून अंगठा फिरवला, सावकाश, जसा ती पूर्वी मुलांच्या वहीवरून फिरवायची.

“एवढं?”

“हो.”

“आणि हा दुसरा?”

तिने तुटक रेघ पाहिली. ती बाई पन्नास वर्षं नकाशे आणि वाक्यं वाचत आलीय. तिला विचारावं लागलं नाही.

“ताई,” मी म्हटलं, “ती पहिली कवळी. मी सव्वा तासातच काढली होती. घाई केली. मामांनी सांगितलं होतं. डॉक्टरबाईंशी मी खोटं बोलले. आणि मग तुला परत न्यायला हवं होतं, तेही नेलं नाही.”

मामा छताकडे बघत होते.

ताईने साचा टेबलावर ठेवला, नीट, पालथा. “सव्वा तासाचं मला ठाऊक आहे,” ती म्हणाली. “त्या दिवशी दवाखान्यात तुझा ‘हो’ ऐकला ना मी. एवढी वर्षं मुलांचे ‘हो’ ऐकलेत. आणि परत दाखवायचं म्हणशील, तर डॉक्टरबाईंनी ते मलाही सांगितलं होतं. मी काय बहिरी होते? मला जायचं नव्हतं, ठमे. तू सोबत होतीस म्हणून मला न जाणं सोपं झालं, इतकंच.”

मग भाचीला म्हणाली, “चल, मला प्रकरण संपवायचं आहे. जहाज अजून बंदराला लागायचंय.”

१२ ऑगस्ट, मंगळवार

काल आणि आज मिळून ताईने चौदा तास रेकॉर्डिंग केलं. ते सभ्य गृहस्थ शेवटी काच उघडून आत गेले म्हणे, आणि नुसते उभे राहिले.

१३ ऑगस्ट, बुधवार

सकाळी सात वाजता आत नेलं. दोन्ही पट्ट्या मी निर्जंतुक करायला परवाच दिल्या होत्या, वेगवेगळ्या पिशव्यांत. एकीवर मी निळी चिठ्ठी लावली होती, दुसरीवर हिरवी. निळी लहान, पहिल्या रेघेची.

लाकडी बाकावर मी, भाची आणि मामा. मामांनी आज टोपी काढून मांडीवर ठेवली होती. भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंदकाटा अडकत अडकत पुढे जायचा. अकरा वाजले. एक वाजला. भाचीने चहा आणला, कुणी घेतला नाही.

पावणेतीनला दार उघडलं आणि एक नर्स बाहेर आली. सर्जन नव्हे. तिच्या हातात लहानशी पिशवी होती. “तुमचं सामान ना? लागलं नाही, म्हणून परत द्यायला सांगितलंय. डॉक्टर येतीलच.”

मी हात पुढे केला. भाची म्हणाली, “लागलं नाही म्हणजे चांगलंच ना, मावशी?”

पिशवीवर निळी चिठ्ठी होती.

मी मामांकडे पाहिलं. त्यांनी टोपी उचलून तोंडासमोर धरली.

२९ ऑगस्ट

सर्जन म्हणाले, कापलेल्या कडा तपासणीत स्वच्छ आल्यात. दिसलं ते सगळं निघालं. दर महिन्याला दाखवायचं. या वेळी मी ते डायरीत नाही, भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनने लिहिलंय, आणि मामांनाही सांगून ठेवलंय.

स्क्रूवाली पट्टी काढून त्या जागी मऊ अस्तराची नवी, काढ-घाल करायची पट्टी केली. पट्टी काढल्यावर ताईच्या तोंडात पहिल्यांदा पाहिलं. पाहिलं आणि पट्टी घासायच्या निमित्ताने नळाशी गेले, नळ मोठा सोडला.

पट्टी घातल्यावर ती बोलली. आवाज नाकात, दाट, कुणी दुसऱ्या खोलीतून बोलतंय असा. पण शब्द कळले. “पाणी थंड आहे,” म्हणाली. मी तेवढ्यावर रडले.

२७ सप्टेंबर, शनिवार

ताई रोज अर्धा तास मोठ्याने वाचते, सराव म्हणून. आज तिच्या खोलीत खुर्चीवर बसवून पट्टीची कड नीट करत होते. उजव्या हातात पट्टी, डाव्या हाताने तिची हनुवटी वर धरलेली. हातमोजे काढलेले होते, म्हणूनच कळलं. जबड्याखाली, कानाच्या जरा पुढे, माझ्या बोटांना काहीतरी लागलं. बोराएवढं. टणक. दाबलं तर हललं नाही.

“दुखतं का?”

“नाही,” ताई म्हणाली. पट्टी नसल्यामुळे तो शब्द नाकातूनच आला, नुसता वारा, पण मला कळला. तिने पट्टी माझ्या हातून घेतली, बसवली आणि सावकाश, एकेक अक्षर लावत म्हणाली, “ऑपरेशनची सूज असेल. आणि परवापासून सर्दी आहे मला. पुढच्या आठवड्यात जायचंच आहे की.”

खिडकीतून ऊन तिच्या मानेवर पडलं होतं. ती माझ्याकडे पाहत होती, अगदी सरळ, आणि तिला माझ्याकडून काय ऐकायचं होतं ते मला पुरतं कळत होतं. शब्द तोंडात तयार होते. सर्दीच असेल गं.

मी खुर्ची मागे सारली आणि फोनपाशी गेले. शनिवार होता, दवाखाना दोनला बंद होतो, दोन वाजायला दहा मिनिटं होती. घंटा वाजत राहिली. ताईने पुस्तक उघडलं आणि माझ्यामागे वाचायला सुरुवात केली, मोठ्याने, प्रत्येक शब्द सुटा करत. पलीकडे कुणीतरी फोन उचलला.

“आजच,” मी म्हटलं. “सोमवारी नाही. आम्ही निघालोच आहोत.”